एस्टेट सेलमध्ये मिळालेला जुन्या समुद्री लुअरचा डबा: साफ करू का, आणि किंमत कशी ठरवायची?

समुद्रकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, सहा-सात वर्षांपासून गळ टाकायचा नाद लागलाय, वीकेंडला सँडी हूक नाहीतर आयलंड बीच, स्ट्रायपर आणि ब्लूफिश या समुद्री माशांच्या मागे. गेल्या शनिवारी बेलमारजवळ एका घरी एस्टेट सेल होता, घरातले आजोबा गेल्या वर्षी वारले आणि आता घर विकायचंय म्हणून सगळं सामान मांडलं होतं, तिथे गॅरेजमध्ये हिरव्या पत्र्याचा एक टॅकल बॉक्स, म्हणजे मासेमारीच्या सामानाचा डबा, दिसला. ४० डॉलर म्हणाले, मी आत नीट न बघताच घेतला, कारण वरच्या ट्रेमध्ये एक काचेच्या डोळ्यांचा लाकडी मासा माझ्याकडे बघत होता आणि मला तो सोडून येववेना.

घरी आणून पेपरवर सगळं मांडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लुअर म्हणजे खोटं आमिष, लाकडाचा किंवा धातूचा मासा, गळ लावलेला, पाण्यातून ओढला की जिवंत माशासारखा वळवळतो आणि मोठा मासा फसतो. तर डब्यात निघालं ते असं. एक सहा इंची लाकडी मासा, पाठ हिरवट, पोट पांढरं, अंगावर खवल्यांची नक्षी, तोंडाला धातूचा ओठ आणि त्यावर ठसा 'सी.सी.बी.कंपनी गॅरेट इंडियाना पॅट ९-७-२०'. दुसरा तेवढाच मोठा, पांढरा, लाल डोक्याचा, पण याचा ओठ कुणीतरी जाड पत्र्यातून कापून बसवलाय आणि अंगभर दातांचे ओरखडे, नाव कुठेच नाही. मग चार राखाडी धातूचे चपटे मासे, एकाच्या शेपटीला केसांचा कुजका झुबका. एक रेबेल नावाचा प्लास्टिकचा लुअर, चंदेरी अंग काळी पाठ. बाकी गंजलेले गळ आणि शिसं.

माझे प्रश्न असे की ठशावरून पहिला ९ जुलै १९२० चा आहे का, म्हणजे शंभर वर्षं जुना? गंज काढायला व्हिनेगरमध्ये टाकू का, आणि धातूचे चार पॉलिश करून चमकवू का? आणि किंमत कशी ठरवतात? विकायची घाई नाही, पण काय हाती लागलंय ते तरी कळू दे.

निंबोणी
वाचतेय. फोटो टाका ना.

मालवणी_गजाली
व्वा, मस्त विषय! आमच्याकडे याला गरवणं म्हणतात, गरी म्हणजे गळ. आजोबा 'गरवूक जातंय' म्हणून पहाटे खडपावर जायचे आणि गरीला पांढऱ्या कोंबड्याची पिसं दोऱ्याने आवळून बांधायचे, म्हणजे तेही लुअरच झालं. त्यांची एक पण गरी आता घरात नाही. कुणाला वाटलं होतं ठेवावी म्हणून. तुमचा डबा बघून ते आठवलं.

केपकॉडवरून
समुद्रकाठ, पहिलं म्हणजे हातातलं व्हिनेगर खाली ठेवा आणि पॉलिशही. काहीही करू नका. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, वीस वर्षं हेच जमवतोय आणि सुरुवातीला नेमकं हेच करून दोन चांगले लुअर वाया घालवलेत, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. जुन्या लुअरची अर्धीअधिक किंमत रंगात असते, मूळ रंगात, कारखान्यातून आला त्या रंगात. व्हिनेगर गळावरचा गंज काढेल पण ते वाहून लाकडात शिरेल, गळाच्या भोवतालचा रंग फुगेल आणि पोपडे पडतील. फार तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस.

आता तारीख. ती अमेरिकन पद्धतीने वाचा, आधी महिना. म्हणजे ७ सप्टेंबर १९२०. आणि ती लुअरची नाही, ओठाच्या पेटंटची तारीख आहे. क्रीक चब बेट कंपनी, गॅरेट गाव, इंडियाना, त्यांचा पायकी मिनो हा अमेरिकेतला फार गाजलेला लुअर, आणि तो ठसा त्यांनी पुढे कित्येक दशकं तसाच मारला. म्हणजे तुमचा लुअर १९२० च्या आधीचा नाही एवढंच त्यावरून कळतं. काचेचे डोळे असले की जरा जुना धरायचा, नुसत्या रंगाने काढलेले डोळे नंतरचे, पण त्या एकट्या खुणेवर सुद्धा भरवसा नको. सहा इंची म्हणजे हा हस्की पायकी असणार, त्यांच्या यादीत २३०० नंबरचा. नदी-तळ्यासाठी निघालेला लुअर मोठा आणि दणकट करून त्यांनी समुद्रावर आणला आणि किनाऱ्यावरच्या स्ट्रायपरवाल्यांनी तो उचलून धरला.

ती खवल्यांची नक्षी कशी काढायचे माहितीये? अंगावर जाळीचं कापड ताणायचं आणि त्यावरून रंगाचा फवारा. जाळी उचलली की खवले. भिंगाखाली बघा, खऱ्या जुन्या कामात जाळीचा विणकाम-ठसा बारीकसा दिसतो.

समुद्रकाठ
बापरे, मी तर वाटीत व्हिनेगर काढून ठेवलं होतं. ओतून दिलं. भिंगाखाली बघितलं, खरंच जाळी दिसते, एका ठिकाणी जाळी जरा सरकल्यामुळे खवले दुहेरी झालेत! कुणाचा तरी हात हलला असणार त्या दिवशी.

पवईकर_इंजिनियर
मूलभूत प्रश्न, राग मानू नका. गोड्या पाण्याचा लुअर आणि समुद्राचा लुअर यात जमवणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? जुना तो जुना.

केपकॉडवरून
राग कसला, हाच तर महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेत जुन्या लुअरचा छंद वाढला तो मुख्यतः गोड्या पाण्याच्या लुअरवर. मिशिगनमधल्या डोवॅजिॲकची हेडन, कॅलमझूची शेक्सपिअर, ओहायोतल्या ॲक्रनची फ्लूगर, साउथ बेंड, पॉ पॉ आणि ही क्रीक चब, ही मोठी नावं, सगळी समुद्रापासून दूर आतल्या भागातली. त्यांनी समुद्रासाठीही बनवले, साउथ बेंडने टार्पन माशासाठी टार्प-ओरेनो काढला, पण तो धंद्याचा लहान कोपरा होता.

समुद्राच्या लुअरचं आयुष्य वेगळं. खारं पाणी धातू खातं. एकदा वापरून गोड्या पाण्यात न धुता डब्यात टाकला की पुढच्या मोसमात गळ गंजलेला, स्क्रू फुगलेला आणि स्क्रूभोवतीचं लाकूड फाटलेलं. ब्लूफिशचे दात म्हणजे करवत. खडकांवर आपटतात, दोरी तुटून समुद्रात जातात. आणि हा लुअर म्हणजे कामाचं हत्यार, रंग उडाला की माणूस घरी ब्रश घेऊन रंगवणार, गळ बदलणार, तुमच्या पांढऱ्यासारखा ओठ कापून बसवणार. त्यामुळे चांगल्या अवस्थेतला जुना समुद्री लुअर खरंच कमी सापडतो. पण म्हणून तो महाग असेलच असं नाही, कारण मागायला येणारे पण कमी. दुर्मीळ असणं वेगळं आणि कुणाला तरी हवं असणं वेगळं. दोन्ही जिथे जुळतं तिथे किंमत चढते.

दुसरा फरक बांधणीचा. गोड्या पाण्याच्या लुअरला गळ सहसा लाकडात पिळलेल्या छोट्या आकड्याला लावलेला असतो. वीस-तीस पौंडांच्या स्ट्रायपरने तो मुळासकट उपटून नेला की संपलं. म्हणून पूर्व किनाऱ्यावरच्या कारागिरांनी नाकापासून शेपटीपर्यंत लाकडातून आरपार तार घालायला सुरुवात केली, गळ त्या तारेलाच अडकवायचे, लाकूड फुटलं तरी मासा दोरीला राहतो. आटलबरोचे बॉब पाँड यांचे ॲटम नावाचे लुअर, इथे केप कॉड कालव्याजवळ सॅगमोरचे स्टॅन गिब्ज यांचे लुअर, १९४० च्या दशकातली ही मंडळी. गिब्जचा तर बझर्ड्स बेला कालव्याजवळ पुतळा आहे, लुअर बनवणाऱ्याचा पुतळा! आणि बॉब पाँड यांनी पुढे आयुष्यभर स्ट्रायपर वाचवायची खटपट केली, स्ट्रायपर्स अनलिमिटेड नावाची संस्था काढली. ज्या माशाला पकडायचं हत्यार बनवलं त्याच माशासाठी ते इतकी वर्षं झटले याचं मला फार वाटतं. मी त्यांचे लुअर जमवतो त्याचं अर्धं कारण ते आहे.

पवईकर_इंजिनियर
छान समजलं. धन्यवाद. आता माझ्या प्रांतातलं, ते राखाडी धातूचे चार काय आहेत? शिसं का कथील?

समुद्रकाठ
मला शिसंच वाटलं. हातात जड लागतात. शिसं असेल तर पोरांपासून लांब ठेवावे लागतील म्हणून मुद्दाम विचारतोय.

केपकॉडवरून
जर्सीच्या किनाऱ्यावर मिळालेत म्हणजे ब्लॉक टिनचे, म्हणजे कथलाचे, स्क्विड असायची शक्यता फार. स्क्विड नाव असलं तरी आकार छोट्या माशाचा. रॉड-रील सगळ्यांकडे नव्हतं तेव्हा लोक हे दोरीला बांधून डोक्यावर गरगर फिरवून लाटांपलीकडे फेकायचे आणि हातानेच ओढत आणायचे, 'हीव्ह अँड हॉल' म्हणत त्याला. कथील चमकतं म्हणून. वापरून काळं पडलं की किनाऱ्यावरच ओल्या वाळूने घासायचे, लगेच चांदीसारखं.

मालवणी_गजाली
अरे म्हणजे कल्हई! आमच्या दारात कल्हईवाला यायचा तो पातेल्यात वाळू घालून पायाने गोल गोल फिरत घासायचा, मग तापवून कथील फिरवायचा, नवसागराचा धूर, आम्ही पोरं खोकत उभी. तेच कथील तिकडे मासे धरायला. मजा वाटली.

पवईकर_इंजिनियर
घासण्याआधी मोजू या, काही न बिघडवता कळेल. शिशाची घनता ११.३ आणि कथलाची ७.३, फरक मोठा आहे. सोनाराचा छोटा काटा असतो ना, ०.१ ग्रॅमचा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आधी लुअर तसाच तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, लुअर दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडा, तळाला-काठाला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं त्याचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. पहिला आकडा भागिले दुसरा. केसांचा झुबका आहे तो घेऊ नका, उघडा घ्या. गळ लोखंडाचा असल्याने थोडी चूक येईल पण लोखंड ७.८ च्या आसपास, निकाल उलटा होणार नाही. नंतर लगेच कोरडा करा.

समुद्रकाठ
ऑफिसातल्या मित्राकडे काटा होता. केला प्रयोग, मुलगी पण बसली होती शेजारी वही घेऊन, तिला आर्किमिडीज शाळेत चालूच आहे. पहिला ५६.० ग्रॅम, पाण्यात ७.६. म्हणजे ७.३७. कथील! दुसरा ७.४ च्या जवळ. तिसरा मात्र ९.१ आला, दोनदा केला तरी तेवढाच.

केपकॉडवरून
सुंदर! तिसऱ्यात शिसं मिसळलंय, घरी साच्यात ओतलेला असणार, कथील महाग म्हणून जवळचं शिसं घालायचे बरेच जण. त्याला हात लावलात की हात धुवा. पण त्याला कमी समजू नका. एखाद्याने गॅरेजमध्ये स्टोव्हवर कथील वितळवून, कथील २३२ डिग्रीलाच वितळतं, साध्या साच्यात ओतून आपल्या किनाऱ्यासाठी बनवलेला लुअर आहे तो. साच्याची कड दिसते का बघा, कडेने बारीक शिवण असते.

पॉलिश नकोच. लोक वाळूने घासायचे हे खरं, पण ते वापरायला. आज तो राखाडी थर, त्यावरचे दाताचे-वाळूचे चरे, तेच जुनेपण. घासलात की नवा दिसेल आणि मग जुना कशावरून हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल.

हडसनकाठी
रेबेलवर कुणीच बोललं नाही! अहो १९८२ साली सप्टेंबरात अटलांटिक सिटीच्या जेटीवरून वादळी रात्री ॲल मॅकरेनल्ड्स यांनी ७८ पौंड ८ औंसाचा स्ट्रायपर धरला, म्हणजे साडेपस्तीस किलोच्या वर, तो असाच काळ्या पाठीच्या चंदेरी रेबेलवर! २०११ पर्यंत जागतिक विक्रम होता तो. जर्सीतलाच डबा, जर्सीतलाच विक्रम, त्याची किंमत मोठी येईल असं मला वाटतं.

केपकॉडवरून
विक्रम खरा, लुअरही खरा. पण ज्या लुअरवर तो मासा आला त्या एकाच लुअरला ती किंमत. तसे रेबेल ढिगाने बनले, आजही गॅरेज सेलमध्ये दोन-तीन डॉलरला मिळतात. गोष्ट मोठी असली की वस्तू आपोआप मोठी होत नाही, ती गोष्ट त्याच वस्तूची आहे हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, लुअर घेताना विचारा की कुणाचा होता, कुठे वापरला, आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. चिठ्ठी लुअरला चिकटवू मात्र नका.

आता किंमत. इथे नॅशनल फिशिंग लुअर कलेक्टर्स क्लब आहे, १९७६ पासून, त्यांची १ ते १० अशी अवस्था मोजायची पट्टी जवळपास सगळे वापरतात. १० म्हणजे न वापरलेला, खोक्यासकट, आणि खाली येत येत तळाच्या आकड्यांना रंग गेलेले, मोडके. सगळ्यात जास्त वाद मधल्या आकड्यांवर, विकणारा स्वतःच्या ५ ला ७ म्हणतो. मी असा बघतो, लुअर खिडकीच्या उजेडात धरतो, दिव्याच्या नाही. रंग किती टक्के शिल्लक. भेगा कशा आहेत, वार्निश म्हातारं झालं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडतात, त्या चालतात, त्या तर खरेपणाची खूण. पण लाकूड दिसेल असे टवके उडालेत का. मग स्क्रू. स्क्रूच्या खाचेत रंग गेलाय का? कारखान्यात बहुतेक वेळा आधी रंग मग धातू, त्यामुळे रंग धातूच्या खाली असतो. धातूवर, खाचेत, डोळ्याच्या काठावर रंग आला असेल तर कुणीतरी नंतर रंगवलंय. खाच चकाकतेय म्हणजे कुणीतरी नुकताच स्क्रू फिरवलाय.

मी एकदा यातच फसलो. पाचशेच्या वर डॉलर देऊन एक लुअर घेतला, विकणारा माणूस गोड बोलत होता, फोटो पण झकास. घरी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावली तर डोकं एका रंगाने चमकतंय आणि अंग दुसऱ्या, म्हणजे डोकं नव्याने रंगवलेलं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून टॉर्च खिशात असते, आणि टॉर्चपेक्षाही जास्त मी स्क्रूवर विश्वास ठेवतो, कारण काही नवे रंग टॉर्चखाली पण गप्प बसतात.

समुद्रकाठ
स्क्रू बघितले. हस्की पायकीच्या खाचांत रंग नाही, काळपट आहेत, कुणी फिरवलेले वाटत नाहीत. पण मधला गळ बाकी दोघांपेक्षा नवा आहे. रंग सत्तर टक्के तरी आहे. लाल डोक्याच्या पांढऱ्याच्या मात्र ओठाचे स्क्रू चक्क पितळी आणि नवे.

आणि एक सांगायचंच राहिलं! ट्रेखालचा जुना पेपर काढला तर खाली एक पुठ्ठ्याचं खोकं चपटं होऊन पडलेलं. क्रीक चबचं. एका टोकाला शिक्का २३०२. खोकं मिळालं म्हणजे किंमत वाढेल ना?

केपकॉडवरून
थांबा थांबा. २३०२?

क्रीक चबच्या नंबरात पहिले दोन आकडे लुअरचा प्रकार आणि शेवटचे दोन रंग. २३ म्हणजे हस्की पायकी. पायकी रंगाला ००, तुमचा हिरव्या पाठीचा खवल्यांचा तो २३००. आणि ०२ म्हणजे पांढरं अंग, लाल डोकं.

म्हणजे हे खोकं हिरव्याचं नाही. तो नाव नसलेला, पत्र्याच्या ओठाचा, दात खाल्लेला पांढरा आहे ना, तुम्ही म्हणालात तेवढाच मोठा आहे, बहुतेक त्याचं आहे. ओठ मोडला किंवा हरवला म्हणून ठसा गेला, आणि आजोबांनी नवा कापून बसवला. पट्टी घेऊन दोन्ही शेजारी ठेवून मोजा, डोळ्यांचं अंतर, पोटावरच्या गळांच्या जागा, शेपटीचा निमुळतेपणा. आणि नवीन ओठाच्या कडेला जुन्या स्क्रूची बुजवलेली भोकं दिसतात का.

निंबोणी
हे तर गुप्तहेरकथेसारखं चाललंय, मी रात्रीचे साडेबारा वाजता पुण्यात बसून लाल डोक्याच्या माशाची वाट बघतेय.

समुद्रकाठ
मोजलं. लांबी एक, पोटावरच्या दोन्ही गळांच्या जागा केसाएवढ्याही फरकाशिवाय एक. डोळे सारखेच, काचेचे. आणि नवीन ओठाच्या बाजूला एक बुजवलेलं भोक आहे, त्यात लाकडाची काडी ठोकून वर लाल रंग लावलाय. तोच आहे. पहिल्या दिवशी मी त्याला 'कुणीतरी घरी बनवलेला' म्हणून बाजूला टाकला होता.

केपकॉडवरून
अभिनंदन, आणि आता जरा निराश करतो. खोकं २३०२ चं आणि लुअर २३०२ चा, पण ओठ मूळचा नाही, अंग चावलेलं, त्यामुळे बाजारात पट्टीवर तो २ किंवा फार तर ३. खोकं चपटं असलं तरी रिकामं खोकं सुद्धा विकलं जातं, कधी लुअरपेक्षा जास्त. काही लोक काय करतील की हिरवा चांगला लुअर या खोक्यात घालून 'खोक्यासकट' म्हणून विकतील. तसं करू नका, जाणकार टोकाचा नंबर बघतोच आणि मग तुमच्या बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो.

माझा अंदाज, आणि हा माझाच, हिरवा २३०० मधला गळ बदललेला, २५ ते ४० डॉलर. पांढरा १०-१५. धातूचे चार मिळून ४०-५०. खोकं २० च्या आसपास. ऑनलाइन बघताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नका, 'विकलं गेलं' असा फिल्टर लावून खरी गेलेली किंमत बघा. आणि २००३ मध्ये १८५९ च्या पेटंटचा हॅस्केल मिनो १ लाख १ हजार २०० डॉलरला लिलावात गेला हे वाचून झोप उडवून घेऊ नका, तो तांब्याचा मोठा लुअर, समुद्राचाही नाही, तसा लुअर डब्यात निघत नसतो.

हिशेबनीस
थोडं कामाचं. अमेरिकेत वस्तूचं मूल्यांकन कशासाठी करताय त्यावर आकडा बदलतो. विम्यासाठी तशीच वस्तू आज परत घ्यायला किती लागतील तो आकडा, विकायला बाजारात काय येईल तो. संग्रह एखाद्या म्युझियमला दान देऊन ५ हजार डॉलरच्या वर वजावट मागायची असेल तर पात्र मूल्यांकनकर्त्याचा लेखी अहवाल लागतो. विकून नफा झाला आणि वर्षभराहून जास्त ठेवलेलं असेल तर संग्रहाच्या वस्तूंवर २८ टक्क्यांपर्यंत कर. या डब्याला लागू नाही, पण पुढे वाढला तर पावत्या जपा.

ऑकलंडची_माई
अवांतर आहे पण राहवत नाही. इथे न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांचे पा कहावाई म्हणून लुअर असतात, लाकडाच्या पाठीवर पाउआ शिंपल्याची निळी-हिरवी पट्टी बसवलेली आणि टोकाला हाडाची गरी. शिंपला पाण्यात असा चमकतो की खरा मासाच. पॅसिफिकमधल्या बेटांवर मोत्याच्या शिंपल्याचे असेच बोनिटो मासा धरायचे लुअर आहेत. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात बघितले तेव्हा काचेपुढून हलवेना.

पण असा जुना कुठे मिळाला तर खिशात घालू नका. १९७५ च्या प्रोटेक्टेड ऑब्जेक्ट्स कायद्याने सापडलेल्या माओरी जुन्या वस्तू कळवाव्या लागतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. पॅसिफिकच्या काही जुन्या लुअरला कासवाच्या कवचाची गरी असते, तीही परवानगीशिवाय सीमेपार न्यायला बंदी. आपल्याकडेही कासवाचं कवच १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतंच. ती त्या लोकांची वडिलोपार्जित ठेव आहे, त्याची नुसती किंमत विचारणं मला बरं वाटत नाही.

निंबोणी
माईंनी म्हटलंय त्यावरूनच, समुद्रकाठ, एक विचारू? त्या घरच्यांना माहीत होतं का डब्यात काय आहे? तुम्ही ४० दिलेत, वस्तू शंभरच्या वर आहेत. पैशाचं जाऊ दे, तो ओठ त्या आजोबांनी स्वतःच्या हाताने कापलेला आहे.

हडसनकाठी
एस्टेट सेलमध्ये किंमत तेच ठरवतात, त्यात चुकीचं काही नाही. असं करत बसलो तर कुणी काही घेऊच शकणार नाही.

केपकॉडवरून
व्यवहार म्हणून हडसनकाठी बरोबर आहेत. पण मी असतो तर फोन केला असता, निदान कुणाचा डबा होता ते कळावं म्हणून. आजोबांनी कुठल्या किनाऱ्यावर वापरला, कोण सोबत असायचं, हे सांगणारी माणसं अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील.

समुद्रकाठ
हे माझ्याही मनात दोन दिवस घोळत होतं. सेल चालवणाऱ्यांकडून निरोप पाठवला, काल संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. साठीच्या असतील. मी सगळं सांगितलं, खोकं, नंबर, अंदाजे किंमत, आणि म्हटलं तुम्हाला परत हवं असेल तर ४० देऊन घेऊन जा, मला काही वाटणार नाही.

त्या म्हणाल्या बाकी सगळं ठेवा, वापरा, बाबांना आवडलं असतं. पण लाल डोक्याचा आहे का त्यात, पत्र्याच्या ओठाचा? मी म्हटलं आहे. मग थोडा वेळ बोलल्याच नाहीत. लहानपणी त्या वडिलांबरोबर मॅनस्क्वॉनच्या इनलेटला जायच्या, खडकावर आपटून ओठ तुटला आणि वडिलांनी स्वयंपाकघरातल्या एका डब्याचा पत्रा कापून टेबलावर बसून नवा बसवला, आईने डब्यासाठी आरडाओरडा केला. त्याच लुअरवर त्यांनी स्वतः पहिला स्ट्रायपर धरला होता. त्यांना वाटत होतं तो कधीच हरवला. आता त्या नॉर्थ कॅरोलायनात असतात, मी पोस्टाने पाठवतो म्हटलंय. खोकं पण त्याचंच आहे, ते पण देणार. हे सगळं मी लिहून काढलंय आणि त्याची एक प्रत बाकीच्या लुअरबरोबर डब्यात ठेवलीय.

आता सांगा, पॅक कसा करू? घरी बबल रॅप आहे.

केपकॉडवरून
बबल रॅप थेट रंगाला लावू नका, जुन्या वार्निशवर गोल गोल वळ उठतात. आधी साधा पांढरा टिश्यू पेपर, न छापलेला, दोन-तीन वेढे, मग त्यावर बबल रॅप चालेल. गळ काढू नका, जुना आकडा उघडताना लाकूड फाटेल. प्रत्येक टोकावर प्लास्टिकच्या स्ट्रॉचा तुकडा चढवा नाहीतर छोटं बूच. खोकं चपटंच राहू द्या, उभं करायला गेलात तर घड्या फाटतील, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून वेगळं पाठवा. आत रबरी किंवा मऊ प्लास्टिकचं काही टाकू नका, ते रंगाला चिकटून वितळवतं. आणि पत्र्याचा ओठ बाजूने दाबला जाणार नाही असा, पाठीवर झोपवून ठेवा.

समुद्रकाठ
समजलं. स्ट्रॉ आणले, मुलगी कापतेय. उद्या सकाळी पोस्टात टाकतो.

मालवणी_गजाली
मी काल घरी फोन करून काकांना विचारलं, माळ्यावर आजोबांची पाटी (टोपली) आहे का बघा म्हणून. दोन गऱ्या मिळाल्यात, पिसं गेलीत पण दोरा तसाच आहे. काकांना सांगितलंय, धुऊ नका.

केपकॉडवरून
फोटो पाठवायला सांगा. खिडकीच्या उजेडात.